प्रिव्हेट

आधी गेलं टोकाचं झाड, रस्त्याकडचं, फेब्रुवारीत.
पानं गळली नाहीत,
नुसती आपला रंग विसरली.
मी म्हटलं, थंडी.
मार्चात दुसरं. एप्रिलात एकदम तीन,
मग थंडीच्या माथी मारणं जमेना.

म्हणून मिसेस ट्रँटरच्या कुत्र्याच्या माथी मारलं.
पिप रोज सकाळी सातला तिकडून पाय वर करतो.
पाय दिसत नाही, आवाज येतो.
तिने तिच्यापुरतं ठरवलं होतं
की फरशीच्या फटीतलं गवत मारायला मी जे फवारतो
त्याचं हे काम.
आम्ही एकमेकांना यातलं काही बोललो नाही.
टपालवाल्याला बोललो.
त्याने दोन्हीकडे पोचतं केलं.

हे कुंपण डेन्झिल ट्रँटर आणि मी
एकाच शनिवारी लावलेलं, एकतीस वर्षांपूर्वी.
तो त्याची बाजू दोरी ताणून कातरायचा,
मी माझी, डोळ्यांच्या अंदाजाने.
तो गेला आणि तिकडची बाजू बेफाम सुटली.
कापून देऊ का,
असं मी विचारलं नाही.
आठ उन्हाळे.
माथा तेवढा कातरत राहिलो, हात पोचेल तितका.

मे महिन्यात नर्सरीतला इओलो प्रॉसर आला.
गोणपाट टाकून गुडघ्यांवर बसला,
पानांकडे बघितलंसुद्धा नाही.
मातीलगत बुंध्याची साल
चाकूने दोन बोटं उचलली:
आत पांढरं, ओल्या भिंतीच्या पापुद्र्यासारखं.
"वास घ्या."
मी वाकलो. पलीकडून तीही वाकली.
अळंबीचा वास. रविवारच्या नाश्त्याचा.
मग त्याने फावडं मारून काळ्या दोऱ्या वर काढल्या,
बुटाच्या नाड्यांएवढ्या,
कुठून तरी निघालेल्या, कुठे तरी चाललेल्या.
"हनी फंगस. मधाचा फक्त रंग.
जुनं एखादं खोड पुरलेलं असेल बघा, तिथे याचं घर."

खोड माझ्या आवारात होतं.
चेरीचं. झाड मी पाडलं, मुळं काढायचा कंटाळा केला
आणि वर जिरेनियमची कुंडी ठेवली.
कुंपणाने शेत खाल्ल्याच्या गोष्टी आहेत.
इथे जमिनीने कुंपण खाल्लं,
आणि जमीन माझी.

मिसेस ट्रँटर काही म्हणाली नाही.
पिपची मी माफी मागितली नाही, बिस्किट दिलं.

सगळं उपटायला ऑक्टोबर उजाडला.
मुळांत सापडलं: एक टेनिस बॉल, दुधाच्या बाटलीचा गळा,
डेन्झिलची कात्री, गंजून मिटलेली.
ती तिने एप्रनमध्ये गुंडाळली, घरात नेली.
त्या रात्री दिवा लावला तर
समोर तिचं स्वयंपाकघर, सबंधच्या सबंध,
केटल, कॅलेंडर, एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली.
दुसऱ्या दिवशी ती म्हणाली,
"तुम्ही उभ्यानेच जेवता."
मी म्हटलं, "हो."
त्यानंतर बसून जेवू लागलो, लाजेने.

नोव्हेंबरात हॉर्नबीम आले, साठ काड्या,
बोडकी मुळं ओल्या गोणपाटात.
इओलोने चर खणला, खोडाच्या बाजूने
जाड प्लॅस्टिक उभं पुरलं, दोन फूट.
"ते पुन्हा येणारच नाही असं नाही," म्हणाला,
"पण याला प्रिव्हेटइतकं सहज चावता येत नाही."
दोरी तिने आणली. डेन्झिलची, मेण लावलेली.
एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे,
आणि मध्ये पिप, सारखा दोरीखालून इकडे तिकडे.
डोळ्यांच्या अंदाजाने लावू म्हटलं
तर तिने नुसतं बघितलं.

आडोसा व्हायला पाच वर्षं, सहा धरा.
मी अठ्ठ्याहत्तर.
तिचं वय मला माहीत नाही, इतक्या वर्षांत विचारलं नाही.

काड्या गुडघ्यालाही लागत नाहीत.
ब्लॅकबर्ड येतो, एकीवर बसून बघतो,
ती वाकते, तो उडतो,
पुन्हा दुसरीवर.
तिने खिडकीला निळा पडदा आणलाय,
अजून लावलेला नाही.

सकाळी सातला पिप येतो.
आता पाय दिसतो.